पन्नासांतला एक नकार

श्रोतेहो, नमस्कार. सॉक्रेटिस म्हटलं की विषाचा प्याला आठवतो. आज मात्र त्याच्या सात वर्षं आधीचा, इ. स. पू. ४०६ मधला एक दिवस बघू.

आर्गिन्युसाई बेटांजवळ अथेन्सच्या आरमारानं स्पार्टाला हरवलं. पण अथेन्सची पंचवीस जहाजं गेली आणि वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही. लोक खवळले. आठ सेनापतींपैकी सहा जण परतले होते, ते कचाट्यात सापडले.

कॅलिक्सेनसनं नागरिकांच्या सभेत ठराव आणला: सहाही जणांचा निकाल एकाच मतदानात लावायचा, दोषी ठरले तर देहदंड. अथेन्सचे नागरिक दहा जमातींत विभागलेले होते; प्रत्येक जमातीपुढे दोन घट ठेवायचे. दोषी म्हणणाऱ्यानं पहिल्यात मत टाकायचं, निर्दोष म्हणणाऱ्यानं दुसऱ्यात. आता शेजारी उभा असताना दुसऱ्या घटाकडे हात न्यायला छाती लागणारच! हा ठराव बेकायदा आहे, असं युरिप्टोलेमस म्हणाला. लोक ओरडले, "जनतेला हवं ते करू देत नाहीत म्हणजे काय!" हरकत घेणाऱ्यांनाही त्याच मतदानात ओढा, अशी सूचना आली. हरकत मागे घेतली गेली.

पण ठराव मताला टाकायचा अधिकार होता पाळीवरच्या पन्नास सभासदांकडे. सभेपुढे येणारे ठराव तयार करणाऱ्या पाचशेंच्या मंडळात प्रत्येक जमातीचे पन्नास जण असत आणि दहा जमाती वर्षात आळीपाळीनं हे काम बघत. त्या दिवशी सॉक्रेटिसच्या जमातीची पाळी होती. काहींनी आधी नकार दिला. धमक्या येताच सगळे नमले. सॉक्रेटिस तेवढा नमला नाही. कायद्याबाहेरचं काही करणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

सॉक्रेटिसला नेहमी 'नको' म्हणणारा तो आतला आवाज प्रसिद्ध आहे. इथे मात्र त्याचा शिष्य झेनोफन यानं लिहिलेल्या इतिहासात त्या आवाजाचा उल्लेखही नाही. माझ्या मते महत्त्वाचं तेच: सॉक्रेटिसनं बोट ठेवलं ते कार्यपद्धतीवर.

तरी सभा पुढे सरकलीच. युरिप्टोलेमसनं पर्याय मांडला: प्रत्येकाचा खटला वेगळा, दिवसाचे तीन भाग, एक जमण्या-मत देण्यासाठी, एक आरोपासाठी, एक बचावासाठी. हात वर झाले, पहिल्या मोजणीत हाच पर्याय जिंकला. मग मेनेक्लीसनं हरकत घेतली, पुन्हा हात वर झाले, आणि या खेपेला कॅलिक्सेनसनं मांडलेला मंडळाचा ठराव जिंकला. सहाही सेनापती मारले गेले. त्यांत अथेन्सचा थोर नेता पेरिक्लीस याचा मुलगाही होता.