नळी की ऑपरेशन? नवजात बाळाचं आतडं फुटतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

सातव्या महिन्यातच जन्मलेलं, किलोभरही वजन न भरलेलं बाळ. पोट फुगून चकचकीत झालंय, एक्सरेत यकृताभोवती मोकळी हवा दिसतेय. म्हणजे आतडं फुटलंय. बाळ वसईहून, पनवेलहून परळला किंवा शीवला आणतात आणि आईवडिलांपुढे संमतीचा कागद येतो. काहींना सांगतात, पोट उघडावं लागेल. काहींना सांगतात, सध्या नुसती नळी टाकतो. नळी म्हटलं की घरच्यांना वाटतं, डॉक्टरांनी आशा सोडली. तसं मुळीच नाही.

आतडं का फुटलं, हे आधी बघतात. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत लहान आतड्याच्या शेवटाकडे एकच छिद्र पडतं, बाकीचं आतडं चांगलं असतं, हा एक प्रकार. दुसरा एनईसी (नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस), म्हणजे आतड्याला सूज येऊन ते मरत जाण्याचा आजार. तो बहुधा दूध सुरू झाल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी येतो आणि त्यात आतड्याचे तुकडेच्या तुकडे काळे पडतात.

दोन्हींत दूध बंद, जठरात नळी, अँटिबायोटिक, सलाइन. श्वासासाठी मास्क वापरला तर हवा पोटात जाऊन फुगारा वाढतो, म्हणून श्वासनलिकेत नळी घालतात.

पोटातली नळी बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीजवळच टाकता येते. उजवीकडे, बेंबीच्या खालच्या अंगाला लहानसा छेद घेऊन मऊ रबरी ड्रेन सरकवतात. हवा आणि मळ बाहेर येतो, पोटाचा दाब उतरतो. टोरांटोच्या सर्जननी १९७७ मध्ये ही पद्धत मांडली. एकच छिद्र असेल तर ते कधी आपोआप बुजतं. मेलेलं आतडं मात्र नळीने निघत नाही. लघवी वाढत नसेल, प्लेटलेट घसरतच असतील, तर पुढे पोट उघडावंच लागतं. हजार ग्रॅमपर्यंतच्या ३१० बाळांवरचा अमेरिकन अभ्यास २०२१ मध्ये आला. एनईसी असलेल्यांत मृत्यू किंवा मेंदूच्या वाढीत बाधा, हे नळीनंतर ८५ टक्के, ऑपरेशननंतर ६९ टक्के. एकाच छिद्रात मात्र नळीनंतर ६३, ऑपरेशननंतर ६९. म्हणून 'एनईसी आहे का?' हा प्रश्न सही करण्याआधी जरूर विचारा.

ऑपरेशनमध्ये काळं आतडंच कापतात. शंकास्पद भाग ठेवून २४ ते ४८ तासांनी पुन्हा पोट उघडून बघतात, कारण वाचवलेला प्रत्येक सेंटिमीटर पुढे दूध पचवणार असतो. यकृत इतकं नाजूक असतं, की नुसत्या स्पर्शानेही रक्तस्राव होतो. बाळ स्थिर असेल तर टोकं लगेच जोडतात, नाहीतर आतड्याचं तोंड पोटावर काढतात, म्हणजे स्टोमा. त्यावर लावलेल्या पिशवीत फार पातळ मळ जाऊ लागला तर मीठ-पाणी निघून जातं आणि वजन अडतं, म्हणून पिशवीचं माप रोज लिहा. स्टोमा साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, वजन दोन किलोच्या आसपास आल्यावर बंद करतात. त्याआधी औषध भरून खालच्या आतड्याचा एक्सरे काढतात. एनईसीनंतर ते कुठेतरी अरुंद झालेलं असू शकतं.

बाळ उपाशी असतानाही आईने दर तीन तासांनी दूध काढत राहावं. पुन्हा पाजताना तेच सर्वांत आधी लागतं. ते नसेल तर दात्या आईचं दूध मिळतं का, हे विचारा. आशियातली पहिली मानवी दूधपेढी १९८९ मध्ये आपल्या शीवच्या रुग्णालयातच सुरू झाली.