झहीर खान घडला तो उन्हाळा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे वेगवान गोलंदाज झहीर खानबद्दल, आणि त्यातही 2006 च्या उन्हाळ्याबद्दल. तेव्हा तो भारतीय संघाबाहेर होता आणि इंग्लंडच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये वूस्टरशायर काउंटीकडून खेळत होता. आपल्याला पुढे जो झहीर लाभला तो त्या मोसमात घडला, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधीचा झहीर तुम्हाला आठवत असेल. जन्म 1978 चा, श्रीरामपूरचा. ऊस आणि साखर कारखान्यांच्या त्या मुलखातून हा उंच, डावखुरा मुलगा मुंबईला आला. भारताचे माजी सलामीवीर सुधीर नाईक यांनी त्याला नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घेतलं. तिथून टी. ए. शेखर यांच्यामुळे तो वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये पोचला आणि ऑस्ट्रेलियाचे माजी वेगवान गोलंदाज डेनिस लिलींच्या नजरेखाली शिकला. रणजी पदार्पण मात्र बडोद्याकडून झालं, आणि 2000-01 मध्ये बडोद्यानं रणजी करंडक जिंकला तेव्हा त्या यशात त्याचा मोठा वाटा होता.

ऑक्टोबर 2000, नैरोबी. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात त्यानं स्टीव्ह वॉचा यॉर्करवर, म्हणजे थेट पायाशी पडणाऱ्या चेंडूवर, त्रिफळा उडवला, आणि आपल्याकडे यॉर्कर टाकणारा वेगवान गोलंदाज आला म्हणून घराघरांत आनंद झाला. त्या वयात त्याचा रन-अप लांब होता, क्रीजजवळची उडी उंच होती आणि अंगात वेग होता. पण एवढी ताकद दर चेंडूला पणाला लावली की शरीर ती वसूल करतं. डिसेंबर 2003 मध्ये ब्रिस्बेनला कसोटीच्या पहिल्या डावात 95 धावांत 5 बळी घेतले, आणि त्याच दौऱ्यात मांडीचा स्नायू दुखावला.

2003 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं ते पहिलं षटकही इथेच सांगायला हवं. जोहान्सबर्गला त्या एका षटकात 15 धावा गेल्या. नो-बॉल, वाइड, सगळं त्यात होतं. समोर ऑस्ट्रेलियाचे सलामीवीर गिलख्रिस्ट आणि हेडन. अनेकांनी त्याला कायमचं त्या षटकावरून मोजलं, आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं. त्याच स्पर्धेत त्याचे 18 बळी होते, भारताकडून सर्वाधिक. पण उत्साहाला लगाम नव्हता हेही खरंच.

पुढची दोन-तीन वर्षं दुखापतींची आणि संघातून आत-बाहेर होण्याची गेली. मग आलं वूस्टर. काउंटी क्रिकेटमध्ये चार दिवसांचा एक सामना संपतो आणि दोन-तीन दिवसांत दुसरा उभा राहतो. गोलंदाजाला दिवसाला वीस-वीस षटकं टाकावी लागतात. झहीरनं रन-अप छोटा केला, उडी आवरली. वेग थोडा गेला आणि चेंडूवरचा ताबा आला. इंग्लंडमध्ये वापरतात त्या ड्यूक्सच्या चेंडूची शिवण ठसठशीत असते आणि तो बराच वेळ स्विंग होतो, म्हणजे हवेत वळतो. असा चेंडू महिनोनमहिने हातात असला की मनगट कुठे ठेवायचं हे बोटांना पाठ होतं. त्या मोसमात त्यानं काउंटी चॅम्पियनशिपमध्ये 78 बळी घेतले. एसेक्सविरुद्ध तर एका डावात 9.

पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, तो भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला. ट्रेंटब्रिजच्या कसोटीत इंग्लंडच्या कुणीतरी त्याच्या फलंदाजीच्या वेळी खेळपट्टीवर जेलीच्या गोळ्या टाकल्या, आणि वर्तमानपत्रांनी तेच रंगवलं. मला त्या गोळ्यांपेक्षा त्याचा राउंड द विकेटचा मारा महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडचे दोन्ही सलामीवीर, स्ट्रॉस आणि कुक, डावखुरे. झहीर यष्टीच्या दुसऱ्या बाजूनं यायचा. चेंडू फलंदाजाच्या अंगाकडे येतोय असं वाटायचं, म्हणून बॅट पुढे व्हायची, आणि टप्प्यानंतर तो किंचित बाहेर निघायचा. सोडावा तर ऑफस्टंपची भीती, खेळावा तर मागे यष्टिरक्षक आणि स्लिप. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅमी स्मिथलाही त्यानं पुढे असंच छळलं. चेंडू जुना झाला की तो धावत येताना दुसऱ्या हाताच्या पंजानं झाकून घ्यायचा, म्हणजे चकाकी कोणत्या बाजूला आहे हे फलंदाजाला कळू नये. ट्रेंटब्रिजच्या त्या कसोटीत 9 बळी घेऊन तो सामनावीर ठरला, आणि भारतानं 21 वर्षांनी इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली.

2011 चा विश्वचषक तुमच्या स्मरणात असेलच, म्हणून दोनच गोष्टी सांगतो. बंगळूरला 338 धावांचा पाठलाग करताना इंग्लंड 2 बाद 281 वर होतं आणि सामना हातातून गेलाच होता. झहीरनं लागोपाठच्या दोन चेंडूंवर बेल आणि स्ट्रॉसला बाद केलं. सामना बरोबरीत सुटला. दुसरी गोष्ट अंतिम सामन्याची. वानखेडेवर त्याची पहिली तीनही षटकं निर्धाव गेली. पहिल्या पाच षटकांत 6 धावा, एक बळी. आणि ती खेळपट्टी कुणाच्या देखरेखीखाली तयार झाली होती? सुधीर नाईकांच्या! वानखेडेचे क्यूरेटर तेव्हा तेच होते. श्रीरामपूरहून आलेल्या पोराला क्लबात घेणाऱ्या माणसाला हा योग पाहायला मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. स्पर्धेत झहीरचे 21 बळी, शाहिद आफ्रिदीइतकेच, सर्वाधिक.

त्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी स्नायू पुन्हा दुखावला आणि त्याला मैदान सोडावं लागलं. भारत ती मालिका 4-0 हरला. तो नसला की मारा किती पोरका होतो ते तेव्हा उघड दिसलं. त्याची कसोटीतली सरासरी, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, 32 च्या वर आहे, हा आकडा पुढे करून त्याला दुय्यम ठरवणाऱ्यांनी ही मालिका जरूर आठवावी. बहुतेक वेळ भारतातल्या निर्जीव खेळपट्ट्यांवर, फिरकीची वाट पाहणाऱ्या संघासाठी, सुरुवातीला आणि जुन्या चेंडूनं असं दोन्ही काम त्यानं केलं. आणि बॅटनं? 2004 मध्ये ढाक्याला अकराव्या क्रमांकावर येऊन 75 धावा. समोर 248 वर नाबाद राहिलेला सचिन होता.

शेवटची कसोटी फेब्रुवारी 2014 मध्ये वेलिंग्टनला. न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात मॅक्युलमनं 302 धावा केल्या. पस्तिशी ओलांडलेल्या झहीरनं त्या डावात 51 षटकं टाकली, 170 धावा दिल्या आणि 5 गडी बाद केले. 302 वर खेळणारा मॅक्युलम अखेर धोनीकडे झेल देऊन परतला, तो झहीरच्याच गोलंदाजीवर. 92 कसोटींत 311 बळी इथे थांबले. निवृत्ती त्यानं ऑक्टोबर 2015 मध्ये जाहीर केली.

नमस्कार.