घोरणारा पग आणि न दिसणारी सुरी

(दृश्य : पशुवैद्यकाचं टेबल. त्यावर पग. फक्त श्वासाचा आवाज.)

ऐकलंत? हा झोपलेला नाही बरं का. टक्क जागा आहे, तरी घोरतोय.

घरात याचं कौतुकच होतं. "अगदी आजोबांसारखा घोरतो," म्हणून व्हिडिओ निघतात. पण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसानं पगची कवटी आखूड केली आणि आतली मऊ टाळू, म्हणजे तोंडाच्या छताचा मागचा मऊ भाग, तेवढ्या मानानं आखडली नाही. जादा टाळू श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबते, थरथरते. कुत्रं अंग गार करतं ते धापा टाकून. धापच नीट लागत नसेल, तर मे महिन्यातली दुपार त्याच्या जिवावर बेतते.

उपाय म्हणजे लोंबणारा भाग छाटणं. कात्रीनंही जमतं. पण तिथं रक्त आलं, सूज चढली, की श्वासाची वाटच बंद.

(दृश्य : उघडा जबडा, टाळूवर लाल ठिपका.)

हा लाल ठिपका नुसता नेम धरण्यासाठी. कापणारा किरण दिसतच नाही. कार्बन डायऑक्साइड लेसर, तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. पाणी हा किरण पटकन शोषून घेतं आणि पेशींमध्ये पाणीच जास्त. त्यामुळे ठिपक्याखालची पेशी वाफ होऊन जाते आणि कडेच्या बारीक रक्तवाहिन्या तिथल्या तिथं मिटतात. रक्त कमी, सूजही बहुधा कमी.

हा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बनवला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यात!

(दृश्य : ओल्या गॉजच्या घड्या.)

आता हे बघा. भूल देताना घशात घातलेल्या श्वासाच्या नळीभोवती सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज कोंबलंय. नळीतून ऑक्सिजन चाललाय. किरण चुकून नळीला लागला तर पेट घेईल. पगच्या डोळ्यांवरही ओली पट्टी, बाकी सगळ्यांना चष्मे. धूर ओढून घेणारा पाइप सतत चालू.

मग सगळंच लेसरनं करावं का? मोठी रक्तवाहिनी यानं मिटत नाही, तिथं टाकाच लागतो. त्वचेवरचा काप तर सुरुवातीला जरा सावकाशच भरतो. भूल तीच, तिचा धोकाही तोच. साध्या नसबंदीसाठी केवळ 'लेसर' या शब्दापायी जादा पैसे मोजावेत, असं मला तरी वाटत नाही. टाळूची गोष्ट वेगळी.

(दृश्य : पग शुद्धीवर येतोय.)

चपट्या तोंडाच्या कुत्र्याची नळी काढायची घाई नसते. डोळे उघडले, मान हलली, तरी डॉक्टर थांबतात. तो नळी चावायला लागला, गिळायला लागला, की मगच ती बाहेर.

निघाली.

डॉक्टर वाकून कान लावतात. थोडी घरघर आहे अजून. दाराशी उभ्या ताई विचारतात, "आवाज येत नाहीये हो त्याचा... ठीक आहे ना?"