ओट्यातली ऊब

नमस्कार, श्रोतेहो.

कडाक्याच्या थंडीत हरितगृहातली रोपं गारठायला लागली की आधी सुचतं ते आतली हवा तापवणं. मी माझ्या हरितगृहात रॉकेट मास हीटर बांधला तो याच विचाराने, आणि पहिल्या हिवाळ्यातलं निम्मं सरपण त्या हवेपायीच गेलं. तो हीटर कसा बांधायचा, धूर उलटा फेकायला लागला तर दोष कसा हुडकायचा आणि त्याची ऊब नेमकी कुठे मुरवायची, हे आज सांगायचं आहे.

नाव मोठं असलं तरी ही मुळात चूलच. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात लॅरी विनियार्स्की यांनी कमी जळणात, कमी धुरात स्वयंपाक व्हावा म्हणून रॉकेट चूल घडवली. पुढे इयांटो इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या धुराची वाट मातीच्या जाड ओट्यातून नेली. धूर बाहेर पडण्याआधी आपली उष्णता त्या ओट्यात सोडून जातो, आणि विस्तव विझल्यावरही ओटा रात्रभर ती हळूहळू परत देत राहतो.

रचना डोळ्यांसमोर आणा. फायरब्रिकचा, म्हणजे आच सोसणाऱ्या विटांचा, एक आडवा बोगदा. त्याच्या एका टोकाला वर उघडणारं आखूड तोंड, त्यात लाकडं उभी ठेवायची. दुसऱ्या टोकाला उंच उभी नळी. लाकडं बुडाशी जळतात आणि ज्वाळा आडवी पळत जाऊन उभ्या नळीत चढते. माझ्या हीटरची वाट १५ सेंटिमीटर व्यासाची आहे. तोंड ४० सेंटिमीटर, बोगदा ६० आणि उभी नळी १२०. उभ्या नळीला बाहेरून पर्लाइट, म्हणजे उष्णता अडवणारे हलके फुललेले खडे, आणि चिकणमाती यांचं जाड वेष्टन हवं. आतली आच टिकली तरच धुरातला डांबरी अंश तिथल्या तिथे जळून जातो. ही नळी नुसत्या लोखंडी पाइपची करू नका. त्या आचेत लोखंडाचे पापुद्रे सुटतात आणि काही काळाने मातीच्या आत पाइप उरतच नाही.

नळीवर २०० लिटरचं पिंप उपडं घालायचं. त्याचा जुना रंग आधी उघड्यावर जाळून टाकायचा. वायू पिंपाच्या टाळूला आपटतात, कडेने खाली उतरतात आणि ओट्यातल्या पाइपात शिरतात. नळीचं तोंड आणि टाळू यांत किती जागा सोडायची? १५ सेंटिमीटर नळीचं क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर भरतं. तेवढीच वाट चहूबाजूंनी मिळायला पावणेचार सेंटिमीटर फट पुरे, असं गणित सांगतं. पण वळणावर वायू अडखळतात आणि राखही साचते, म्हणून मी ५ सेंटिमीटर सोडले. या हीटरचा एकच नियम मी मनात पक्का धरला आहे: वाट सुरुवातीला जेवढी रुंद, तेवढी शेवटपर्यंत कुठेही अरुंद होता कामा नये.

आणि माझ्याकडून मोडला तो हाच नियम. सगळं लिंपून झाल्यावर पहिल्या संध्याकाळी मी चूल पेटवली, आणि धूर लाकडांच्या तोंडातूनच माझ्या अंगावर आला. लाकूड बदललं, धुरांडं उंच केलं, काही फरक पडला नाही. शेवटी पिंपाच्या पायथ्याशी लिंपलेली माती फोडली आणि ओट्यात जाणारा पाइप मोकळा केला. त्याच क्षणी चूल घोंघावायला लागली. म्हणजे अडथळा तिथून पुढे होता. पिंपातून खाली उतरलेले वायू जिथे ओट्याच्या पाइपात वळतात, तिथे मी पाइपाचं तोंड पिंपाच्या भिंतीला जवळजवळ टेकवलं होतं. पाइप १५ सेंटिमीटरचा होता, पण आत शिरायला उरली होती तीन बोटांची फट. त्या जागी ऐसपैस पोकळी ठेवावी लागते, अगदी गरजेपेक्षा दुप्पट. बहुतेक हीटर इथेच घुसमटतात असं माझं मत झालं आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, आधी माती कालवू नका. विटा नुसत्या रचून, उघड्यावर, फक्त बोगदा आणि नळी पेटवून बघा. घों असा आवाज आला, धूर दिसेनासा झाला, की पिंप घाला आणि पुन्हा पेटवा. मग पाइप जोडा, पुन्हा पेटवा. सगळ्यात शेवटी ओटा भरा. ज्या पायरीवर चूल रुसली, दोष त्याच पायरीत असतो.

ओट्यातला पाइप किती लांब न्यायचा यालाही मर्यादा आहे. प्रत्येक काटकोनी वळण दीडेक मीटर सरळ पाइपाएवढी ओढ, म्हणजे धूर पुढे खेचणारा जोर, खातं, हा अनुभवी बांधकऱ्यांचा ठोकताळा मी मानते. प्रत्येक वळणाशी राख काढायला झाकण ठेवा. शिवाय एक किलो कोरडं लाकूड जळताना अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने निघतं. वायू निवले की ते पाइपातच थेंब धरतं, म्हणून पाइपाला किंचित उतार द्या आणि सखल टोकाला पाणी झिरपायला जागा ठेवा. ओट्याखालीही १० सेंटिमीटर कोरडं पर्लाइट घाला, नाहीतर ओली जमीन ऊब पिऊन टाकते. नवा ओटा स्वतःही ओला असतो. तो वाळेपर्यंत ओढ मंदच राहते. रोज थोडं थोडं जाळत धीर धरावा लागतो. आणि हरितगृहात पाणी सांडणारच, तेव्हा मातीवर चुन्याचा गिलावा किंवा दगडी फरशी हवी.

हरितगृहातली एक अडचण घरात सहसा जाणवत नाही. दिवसभराच्या उन्हाने आतली हवा तापलेली असते. छताच्या खिडक्या उघड्या असल्या तर ते सबंध हरितगृहच एक मोठं धुरांडं होतं, हवा वर खेचतं आणि तुमच्या हीटरचा धूर उलटा आत ओढून घेतं. पंखा चालू असेल तर तेच घडतं. म्हणून पेटवण्याआधी छत बंद, पंखा बंद, आणि खालचं दार थोडं उघडं. मग धुरांड्याच्या पायथ्याचं झाकण काढून तिथे कागदाचा बोळा जाळायचा. धुरांडं तापलं, ओढ लागली, की मगच चुलीत काडी लावायची. धुरांडं भिंतीतून आडवं काढून सोडू नका, वाऱ्याचा झोत सरळ आत घुसतो; ते छताच्या वर उभं न्या. प्लास्टिकच्या कागदातून जाताना भोवती रुंद पत्रा बसवा.

आत साचलेला धूर रोपांनाही सोसत नाही. अर्धवट जळणातून इथिलीन निघतं. त्याने टोमॅटोची पानं खाली मुरडतात, फुलं गळतात. आणि कार्बन मोनॉक्साइड तर माणसाला न दिसता, वास न येता मारतो. त्याचा इशारा देणारं यंत्र हरितगृहात लावलंच पाहिजे, आणि चूल पेटती असताना आत झोपायचं नाही म्हणजे नाही.

आता त्या वाया गेलेल्या सरपणाकडे येते. माझ्या ओट्यात सुमारे तीन टन माती-दगड आहेत. ते ३० अंशांनी निवतात तेव्हा २० युनिट विजेएवढी उष्णता देतात. हरितगृहाचा एकपदरी कागद ६० चौरस मीटर असला आणि आत बाहेरपेक्षा १० अंश जास्त ऊब ठेवायची असली, तर बारा तासांत ४० युनिटांहून जास्त उष्णता त्यातून निसटते. म्हणजे ओटा कितीही मनापासून तापवला तरी हवा मध्यरात्रीनंतर हातची जाणारच. दुसऱ्या वर्षी मी हवेचा नाद सोडला. रोपांचे ट्रे सरळ ओट्यावर मांडले आणि त्यावर रात्रीपुरता बुटका प्लास्टिकचा मांडव घातला. संध्याकाळी तीन-चार तास, मनगटाएवढ्या जाडीची कोरडी, फोडलेली लाकडं जाळते. सकाळी हरितगृहाची हवा गार असते, पण ट्रेमधली माती कोमट लागते.

ओटा सगळीकडे सारखा तापत नाही, हे मला आधी खटकायचं. आता मातीचा तापमापक टोचून ट्रेच्या जागा ठरवते. पिंपाजवळ माती २५ ते ३० अंशांवर राहते, तिथे मिरची आणि टोमॅटोचं बी. दूरच्या टोकाला १५ ते २०, तिथे लेट्यूस. ते जास्त उष्णतेत उगवायला कुरकुर करतं. मधल्या पट्ट्यात कोबी आणि फ्लॉवरची रोपं छान धरतात.