पोट फक्त मंगळवारीच दुखतं

(नागपुरात, महालातल्या एका वाचनालयात एका समुपदेशक बाईंनी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

परवाच मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक झाली. इथं बसलेल्यांपैकी निम्मे त्या गर्दीत असणार, काहींचा घसा अजून बसलेला ऐकू येऊन राहिला. काळी मारबत १८८१ पासूनची सांगतात, पिवळी १८८५ पासूनची. सोबत बडगे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या. जे मनात सलतं त्याचा पुतळा करायचा, गल्लीबोळांतून मिरवायचा, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. अख्खं शहर आपल्या त्रासाचं नाव घेऊन रस्त्यावर येतं. आणि त्याच संध्याकाळी पोरांच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैलाचं चाक निखळलं म्हणून पोरगं रडलं, तर आपण काय म्हणतो? “एवढ्याशा गोष्टीला काय रडून राहिला बे!”

तिसरीतल्या एका मुलाचं सांगते, तपशील बदलून. त्याचं सकाळी पोट दुखायचं. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, आजीनं मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. त्याच्या आईनं कॅलेंडरवर पोट दुखल्याच्या तारखांना गोल केले होते. शहाणी बाई. ते कॅलेंडर तिनं माझ्या टेबलावर ठेवलं. सगळे गोल मंगळवारच्या उभ्या रांगेत. मंगळवारी वर्गात उभं करून पाढे म्हणून घ्यायचे. हा तेराच्या पाढ्यात अडायचा आणि वर्ग हसायचा.

“म्हणजे नाटकंच ना, मॅडम?” वडील म्हणाले.

नाही. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी थेट जोडलेली आहेत. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते, पोट खरोखरच दुखतं. आठ वर्षांच्या पोराला ‘माझा अपमान झाला’ हे वाक्य येत नाही, ‘पोट दुखतं’ एवढं येतं. आईनं त्या रात्री दिवा मालवल्यावर विचारलं, “सगळे हसतात तेव्हा लाज वाटते का रे?” पोरगं अर्धा तास रडलं. शाळेशी बोलणं त्यानंतर. पोट लगेच थांबलं नाही, तीनेक मंगळवार गेले.

किशोरवयातल्या मोठ्या पोट्ट्यांचं गणित थोडं वेगळं. भावनांचा जोर मेंदूत आधी येतो, त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता तयार होतो. या वयात झोपेचं घड्याळही पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येतच नाही. गरज मात्र ८ ते १० तासांची. सकाळी ६ ची शिकवणी, मग कॉलेज, मग टेस्ट सिरीज, त्यात मे महिन्यात ४५ अंशांत कूलरची घरघर. चिडणार नाही तर काय करेल? ‘उद्धट झाला’ म्हणायच्या आधी तो किती झोपला ते मोजा.

पण सगळंच वयावर ढकलू नका. या वयातलं नैराश्य कित्येकदा रडण्यातून नाही, चिडचिडीतून दिसतं. दोन आठवडे उलटले, मित्र तुटले, जेवण बदललं, आवडीचं क्रिकेटही सुटलं, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही बोलला, तर सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्यानं ते डोक्यात भरतं, हा गैरसमज आहे. विचारल्यावर मुलांना बहुधा हायसंच वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. आणि ते ‘वेड्यांचा डॉक्टर’ घरात म्हणणं आता बंद करा बाप्पा.

आता माझीच फजिती. माझ्या मुलीला नीटमध्ये कमी मार्क पडले. मी वीस वर्षं समुपदेशन करणारी, पलंगावर तिच्यासमोर बसले आणि सुरू झाले: एक परीक्षा म्हणजे आयुष्य नाही, वगैरे. ती म्हणाली, “आई, मी तुझी पेशंट नाही.” दार बंद. चार दिवस फक्त ‘हो’ आणि ‘नाही’.

पाचव्या दिवशी स्कूटरवरून बर्डीला निघालो. व्हरायटी चौकात सिग्नल लागला. मागून आवाज आला, “आई, मला बाबांच्या समोर जायची लाज वाटून राहिली.” मी लगेच मान वळवली. ती गप्प. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवू लागले.

येताना मी मान सरळ ठेवली. बराच वेळ काहीच नाही. शंकरनगरच्या आसपास ती पुन्हा बोलायला लागली, मधेच रडत, माझ्या पाठीला टेकून. तोंडावर आलेली तीन वाक्यं मी गिळली. फक्त “हं” म्हणत राहिले. घराची गल्ली आली, तिचं बोलणं संपलं नव्हतं. मी वळलेच नाही, गाडी तशीच अंबाझरी तलावाकडे घेतली.