खानदेश: असंतोष शेतातून उगवला

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. धुळ्याला कलेक्टर बसला, पण सातपुडा काही त्याच्या कह्यात येईना. घाट राखायचे आणि त्याबद्दल आपला हक्क वसूल करायचा, ही भिल्ल नाईकांची जुनी रीत. साहेबाच्या लेखी ती लूटमार ठरली. मग १८२५ मध्ये धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी करून सरकारने भिल्लांना आवरायला घेतलं.

खाली तापीकाठच्या काळ्या रानात दुखणं निराळं होतं. पाऊस पडो न पडो, सारा रोखीनं भरायचा. त्यात मोजणी खातं आलं. ३३ फुटांची साखळी शेतात पडली की जमिनीची प्रत ठरणार, आणि प्रतीवर सारा. १८५२ मध्ये यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात कुणबी उठले. हजारोंचा जमाव झाला. मोजणी थांबवा, हे त्यांचं मागणं होतं. सत्तावनच्या आधी पाच वर्षं साधे शेतकरी सरकारपुढे असे उभे राहिले, आणि आपण मात्र आपल्या मुलांना हे क्वचितच सांगतो! सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना धरलं आणि मोजणी पुरी केली. सारा ३० वर्षांसाठी बांधला गेला.

सत्तावनला डोंगर पुन्हा पेटला. खाज्या नाईक आणि भीमा नायक या भिल्ल पुढाऱ्यांच्या माणसांनी सेंधव्याच्या वाटेवर सरकारी खजिना लुटला. एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली.

पुढच्या काळात बंदुकीपेक्षा कागद जास्त बोचू लागला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेही आली. भाव बघून लोकांनी कर्ज काढलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज तेवढं राहिलं. सावकाराला पूर्वी गावाची भीड असे. आता त्याच्या हाती कोर्टाचा हुकूमनामा होता, आणि त्यावर जमीन जप्त होई. १८७८ च्या जंगल कायद्याने भिल्ल-पावऱ्यांचं सरपण आणि गुरांची चराईसुद्धा परवानगीची गोष्ट झाली.

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, ते फैजपूरला. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक ठरावात सारा कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा, या मागण्या होत्या.