शाळा १८व्या वर्षी सुटते, मग तयारी १४व्या वर्षी का सुरू करायची?

नमस्कार. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलामुलींच्या पालकांसाठी हा व्हिडिओ आहे, आणि विशेष शिक्षकांनीही तो पाहावा अशी विनंती आहे. शाळा संपल्यानंतरच्या आयुष्याची तयारी कधी आणि कशी करायची, एवढाच आजचा विषय आहे.

आधी कायदा पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. १८ वर्षे पूर्ण झाली की हा हक्क संपतो आणि त्याची जागा आपोआप घेणारे दुसरे काही नसते. अमेरिकेतील कायद्यानुसार विद्यार्थी १६ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या शाळेनंतरच्या आयुष्याची योजना त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लेखी यावी लागते. आपल्या कायद्याने व्यावसायिक प्रशिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. मात्र या मुलासाठी या वयात योजना तयार करा, असे बंधन शाळेवर घातलेले नाही. त्यामुळे ती योजना मागून घेण्याचे काम पालकांवर येते, आणि माझ्या मते त्यासाठी १८व्या वर्षाची वाट पाहणे म्हणजे चार वर्षे वाया घालवणे होय.

चार वर्षे का लागतात, याचे कारण या मुलांच्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वापरणे अवघड जाते. वर्गात खोट्या नोटांनी बिनचूक हिशेब करणारी मुलगी किराणा दुकानाच्या काउंटरसमोर गोंधळून जाते, कारण तिथे गर्दी असते, दुकानदार घाईत असतो आणि सुटे पैसे परत घ्यायचे असतात. म्हणून व्यवहार शिकवायचा तर तो त्या दुकानातच, त्या माणसासमोर, आठवड्यातून अनेकदा शिकवावा लागतो. बसचा प्रवास, रस्ता ओलांडणे, फोनवर निरोप सांगणे या सगळ्याला हाच नियम लागू पडतो. घड्याळ वाचता येत नसेल तर मोबाइलचा गजर वाजला की घरातून निघायचे, एवढे शिकवले तरी काम भागते. घड्याळाच्या धड्यात आणखी दोन वर्षे घालवण्याची गरज नसते.

अनेक विशेष शाळांमध्ये १५ वर्षांच्या आसपास मुले पूर्वव्यावसायिक वर्गात, म्हणजे कामधंद्याची पूर्वतयारी करून घेणाऱ्या वर्गात जातात. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेल्या मूल्यमापन सूचीतही प्राथमिक आणि माध्यमिक गटांनंतर हाच गट येतो. या वर्गात आपले मूल गेले की पालकांनी शिक्षकांना एक प्रश्न जरूर विचारावा: माझ्या मुलाला इथे जे काम शिकवले जात आहे ते त्याच्या कलानुसार निवडले आहे, की शाळेत ते साहित्य उपलब्ध आहे म्हणून?

प्रश्न थोडा बोचरा आहे, पण तो विचारण्यासारखी परिस्थिती आहे. १८ वर्षांवरील तरुणांसाठी आपल्याकडे ज्या कार्यशाळा चालतात, त्यांतील बहुतेकींमध्ये पणत्या रंगवणे, राख्या, कागदी पिशव्या, फाइली, मेणबत्त्या हीच कामे वर्षानुवर्षे दिसतात. कार्यशाळा हव्यातच, कारण ज्या घरात आईवडील दोघेही कामावर जातात, त्या घरासाठी दिवसभराची सुरक्षित, ओळखीची जागा ही मोठी गोष्ट असते आणि त्या तरुणाला तिथे मित्र मिळतात. परंतु मागणी सणावारांपुरती असते, विद्यावेतन अल्प असते, आणि दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर पूर्ण करताना निम्मे काम शिक्षकांच्याच हातून होते, हे या क्षेत्रातील सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या तरुणाला आवाज सहन होत नाही पण वस्तू ओळीने लावण्यात तासन् तास रस वाटतो, त्याला पणत्यांपेक्षा औषधांच्या गोदामातील किंवा ग्रंथालयातील रचनेचे काम कदाचित अधिक जमेल. ही निवड त्याच्याकडे बघून करावी लागते.

अशी जागा मिळाली की शिकवण्याचा क्रमही बदलतो. आधी पूर्ण प्रशिक्षण आणि मग नोकरी, असे न करता थेट कामाच्या जागी नेऊन तिथेच शिकवतात. त्यासाठी सोबत जॉब कोच असतो. तो कामाचे लहान लहान टप्पे पाडतो. बेकरीत खारीची पाकिटे भरण्याचे काम घेतले तर पिशवी उघडणे, खारी मोजून भरणे, वजन पाहणे, तोंड बंद करणे, लेबल चिकटवणे आणि पाकीट खोक्यात ठेवणे हे सहा टप्पे होतात. अनेकदा शेवटचा टप्पा सर्वांत आधी शिकवतात, म्हणजे आधीचे पाचही टप्पे कोच करतो आणि पाकीट खोक्यात ठेवण्याचे काम तो तरुण करतो. काम पूर्ण झाल्याचे समाधान त्यामुळे त्याला पहिल्याच दिवशी मिळते. मग एकेक टप्पा मागे सरकत जायचे, आणि कोचने हळूहळू आपली मदत, आणि शेवटी आपली उपस्थितीही, कमी करत न्यायची. कोच नेमणे शक्य नसेल तर दुकानातील एखाद्या जुन्या, शांत स्वभावाच्या कामगाराला ही पद्धत समजावून सांगावी. ते पुष्कळदा जमते.

कामाच्या जागी टिकण्यासाठी आणखी एक तयारी लागते, आणि घरांमध्ये ती लाजेपोटी पुढे ढकलली जाते. शरीराचे खासगी भाग, मासिक पाळी, कोणी नकोसा स्पर्श केला तर ‘नाही’ म्हणणे आणि घरी येऊन सांगणे, तसेच आपण दुसऱ्याच्या किती जवळ जायचे, हे साध्या शब्दांत आणि चित्रांच्या मदतीने १२-१३व्या वर्षापासूनच शिकवायला हवे.

आता पालकत्वाकडे वळू. मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बँकेत किंवा मालमत्तेच्या व्यवहारात ही अडचण अचानक समोर येते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी स्थानीय स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. या समितीत जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचे प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. पालक म्हणून नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सादर करावी लागते आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. ‘आमच्या माघारी काय?’ हा प्रश्न ज्यांना छळतो त्यांनी हे लक्षात घ्यावे की कायद्याने पालकावरही लक्ष ठेवले आहे, आणि दुर्लक्ष किंवा अफरातफर केल्यास त्याला हटवता येते.

तरीही सरसकट अर्ज करण्याचा सल्ला मी देणार नाही. २०१६च्या अधिनियमाचे कलम १४ मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडते, ज्यात विशिष्ट निर्णयापुरती आणि विशिष्ट काळापुरती, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार मदत करायची असते. जेवायला काय हवे, कोणते कपडे घालायचे, कोणाबरोबर राहायला आवडते, हे आपला मुलगा सांगू शकतो का, ते आधी पाहावे. ज्याला हे सांगता येते त्याच्या वतीने सगळेच निर्णय घेण्याचा अधिकार मागणे मला पटत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राची, मुदत तपासा, कारण मुलांना दिलेले प्रमाणपत्र पुष्कळदा तात्पुरते असते. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण देते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. सरकारी सेवेत असलेल्या पालकांनी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दिव्यांग अपत्याची नोंद आपल्या हयातीतच करून घ्यावी.

आणि मतदार नोंदणीचा नमुना ६ भरायला विसरू नका. सक्षम न्यायालयाने अस्थिर मनाची म्हणून घोषित केलेली नसेल, तर बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीचे नाव यादीत घालता येते. केवळ दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे म्हणून ते नाकारता येत नाही. पुठ्ठ्याचे मतदान यंत्र करून, त्यावर चिन्हे चिकटवून बटण दाबण्याचा सराव पूर्वव्यावसायिक वर्गात सहज घेता येईल.